रोजची खुशाली: लांबच्या मैत्रिणींसाठी स्टेटस ठेवायला शिकताना

मी लहान असताना आमच्या घरी खानापूरकडच्या आत्याचं पोस्टकार्ड यायचं. सुरुवातीला ठरलेलं वाक्य, 'इकडे सर्व क्षेम आहे, तिकडील क्षेम कळवावे'. त्याखाली तीन-चार ओळी. भाताची लावणी झाली, म्हैस व्याली, धाकटीला पाचवीत घातलं. एवढंच. पण आई ते कार्ड देवळीत ठेवायची आणि दिवसातून दोनदा काढून वाचायची. आत्या काय करत असेल, कुठं बसली असेल, हे तिला त्या तीन ओळींतून दिसायचं.

व्हॉट्सॲपचं स्टेटस मी शिकले तेव्हा मला त्या कार्डाची आठवण झाली. मी बेळगावच्या शहापुरात शिवणकाम करते. दहावीच्या वर्गातल्या आम्ही नऊजणी. एक चंदगडात दिलेली, दोघी म्हापशाला, एक चाकणला, एक दुबईत, बाकीच्या बेळगावातच पण कुणी अनगोळला, कुणी कंग्राळीला. बेळगावातली मैत्रीणसुद्धा वर्षातून एकदा लग्नात भेटायची. फोन करायचा म्हटलं तर माझ्या मशीनची वेळ वेगळी, तिच्या स्वयंपाकाची वेगळी. आता आम्हाला एकमेकींचं रोजचं माहीत असतं. हे जमायला मला बराच वेळ लागला आणि मधे काही चुका झाल्या, त्यातली एक फार लागली. तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल तर तेवढं सगळं परत भोगायची गरज नाही, म्हणून हे क्रमाने लिहिते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. स्टेटस म्हणजे तुमच्या नावाखाली ठेवलेला छोटा मजकूर, फोटो, आवाज किंवा व्हिडिओ. तो 24 तास दिसतो आणि आपोआप जातो. व्हॉट्सॲप 2009 मध्ये निघालं तेव्हा त्याची मूळ कल्पनाच ही होती, की माणूस कामात आहे, फोनची बॅटरी संपत आलीय, असं काहीतरी त्याच्या नावासमोर दिसावं. निरोप पाठवायची सोय त्यानंतर आली. आज आपण वापरतो ते 24 तासांचं स्टेटस फेब्रुवारी 2017 मध्ये आलं. प्रोफाइलमध्ये फोटोखाली जी ओळ असते ती वेगळी. पुष्कळजणी त्या ओळीत लिहितात आणि 'माझं स्टेटस कुणी बघतच नाही' म्हणतात.

काय काय लागतं

- साधा स्मार्टफोन. महाग नको.
- चालू सिम. नोंदणीच्या वेळी त्यावर 6 अंकी कोड येतो.
- थोडा नेट पॅक. मजकुराच्या स्टेटसला जवळजवळ काही लागत नाही, व्हिडिओला लागतो.
- मैत्रिणींचे आत्ताचे नंबर, वहीत लिहून.
- पहिल्या दिवशी शेजारी बसणारं घरातलं एखादं पोर. अर्धा तास पुरे. पण फोन तुमच्याच हातात ठेवा. पोरं भराभर बटणं दाबून 'झालं की' म्हणतात आणि आपल्याला काही कळत नाही.

1. नंबर दोन्हीकडे सेव्ह आहे का ते बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि नेमकी हीच कुणी सांगत नाही. तुमचं स्टेटस मैत्रिणीला दिसायचं तर तिचा नंबर तुमच्याकडे सेव्ह हवा आणि तुमचा नंबर तिच्याकडे सेव्ह हवा. एकीकडे नसेल तरी दिसत नाही, आणि नाही म्हणून कुठं सूचनाही येत नाही.

म्हापशाच्या माझ्या एका मैत्रिणीने फोन बदलला, त्यात तिचे जुने नंबर गेले. मी मेसेज केला की तिला नुसता नंबर दिसायचा, फोटोवरून ओळखून ती उत्तर द्यायची, पण सेव्ह करायचं राहिलं. चार महिने माझं एकही स्टेटस तिला दिसलं नाही. बाकीच्या माझ्या स्टेटसबद्दल ग्रुपवर बोलायच्या. हिला वाटलं, मी हिला मुद्दाम वगळलं. तिने बोलणं कमी केलं. गणपतीला ती माहेरी वडगावला आली तेव्हा तोंडावर म्हणाली, "मला कशाला काढलीस गे यादीतून?" आम्ही दोघींनी तिथंच पडवीत बसून फोन उघडले तेव्हा कळलं. डोळ्यांत पाणी आलं दोघींच्या. एक नंबर सेव्ह नाही म्हणून चाळीस वर्षांची मैत्री तुटायला आली होती.

म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकीला फोन करा आणि स्पष्ट विचारा, "माझा नंबर तुझ्याकडे नावाने सेव्ह आहे काय?" परदेशात असलेल्या मैत्रिणीला तुमचा नंबर +91 लावून सेव्ह करायला सांगा, नाहीतर तिच्या फोनला तो भारतातला आहे हे कळत नाही. तिचा नंबरही तिच्या देशाच्या कोडसकट ठेवा. तुम्ही स्वतः नंबर बदलणार असाल तर सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली 'नंबर बदला' अशी सोय आहे, ती वापरा. तरीसुद्धा नवा नंबर सगळ्यांना कळवून सेव्ह करायला लावा.

2. फोनला मराठी लिहायला शिकवा

आपल्याकडे दुकानातून फोन येतो तो इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये लावलेला. कन्नड येत असलं तरी खुशाली आपल्या भाषेत लिहिलेली बरी. जीबोर्ड कळफलकाच्या सेटिंग्जमध्ये 'लँग्वेजेस' उघडा, 'ॲड कीबोर्ड' दाबा आणि मराठी निवडा. तिथं लिहायचे प्रकार दिसतील, त्यातले दोन कामाचे. एकात सरळ क, ख, ग अशी बटणं असतात. दुसऱ्यात इंग्रजी अक्षरांनी लिहिलं की त्याचं मराठी होतं. ज्यांनी इंग्रजी फारसं वापरलं नाही त्यांनी पहिला घ्यावा, दोन दिवसांत बोटं बसतात. चुकून हिंदी निवडू नका, मराठी शब्द नीट सुचत नाहीत.

ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांनी कळफलकावरचं माइकचं चित्र दाबून बोलावं, फोन लिहून घेतो. आपल्या बेळगावी बोलण्याला तो अधूनमधून अडखळतो, तेव्हा ठेवायच्या आधी एकदा वाचून बघा. मी 'काज करून झालं' म्हणाले, त्याने 'काजू करून झालं' लिहिलं होतं.

3. कुणाला दिसावं ते ठरवा

व्हॉट्सॲप उघडलं की खाली 'अपडेट्स' म्हणून भाग आहे, तिथंच स्टेटस असतं. वर कोपऱ्यातल्या तीन टिंबांतून स्टेटसच्या प्रायव्हसीत जा. तीन पर्याय आहेत: सेव्ह असलेल्या सगळ्यांना, काहीजण वगळून सगळ्यांना, किंवा निवडलेल्यांनाच.

नव्या माणसाने तिसराच पर्याय घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. आपल्या फोनमध्ये मैत्रिणीच असतात असं थोडंच आहे. गॅसवाला, रिक्षावाला, गिऱ्हाईक, मुलाचे सर, व्याही, सगळे असतात. सगळ्यांसमोर बोलायचं म्हटलं की माणूस सणाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहीत नाही. मी वर्गातल्या आठजणी, दोन बहिणी आणि शेजारची कन्नड अक्का एवढ्यांना निवडलं आणि त्या दिवसापासून खरं लिहायला लागले.

सेटिंग बदललं तर ते पुढच्या स्टेटसपासून लागू होतं. आधीच ठेवलेलं स्टेटस ज्यांना दिसत होतं त्यांना दिसतच राहतं. चुकीच्या माणसांना गेलंय असं वाटलं तर ते स्टेटस काढूनच टाकावं लागतं.

4. पहिलं स्टेटस लिहा

पेन्सिलीचं चित्र दाबलं की रंगीत पाटी उघडते. लिहा, पाठवायचा बाण दाबा. झालं. कॅमेऱ्याचं चित्र दाबलं तर फोटो.

अवघड आहे ते काय लिहायचं हे. बहुतेकजणी इथं थांबतात आणि कुठून तरी आलेलं फूल, सूर्य आणि सुविचार उचलून ठेवतात. मीही सहा महिने तेच केलं. फूल बघून मैत्रिणीला काय कळणार? तुमच्या घरात ताप आहे की पाहुणे आहेत, काही समजत नाही. चंदगडची मैत्रीण एकदा म्हणाली, "तुझा सुविचार रोज बघते, पण तू कशी आहेस ते सांग की." तेव्हापासून मी बाहेरून आलेलं चित्र ठेवलेलं नाही.

आज तुमच्या डोळ्यांसमोर घडलेली एक गोष्ट लिहा. आमच्या नऊजणींत आलेली काही स्टेटसं अशी होती:

'रात्रभर पाऊस. बळ्ळारी नाल्याचं पाणी परत शिवारात आलं.'

'अकरा ब्लाऊज झाले. मान धरलीय. चहा मात्र फक्कड झालाय.'

'रताळ्याला आज बरा दर लागला. ह्यांनी येताना कुंदा आणलाय.'

'सासूबाईंनी आज स्वतःच्या हाताने जेवण केलं, दोन महिन्यांनी.'

हे शेवटचं कंग्राळीच्या मैत्रिणीचं. त्या एका ओळीवर आठजणींची उत्तरं आली. तिच्या सासूला अर्धांगाचा झटका आला होता, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण रोज फोन करून 'कशा आहेत' विचारायचं तिलाही जड आणि आपल्यालाही. तिने एक ओळ ठेवली आणि आम्ही सगळ्या आपापल्या घरी सुटकेचा श्वास सोडला.

एक किंवा दोन ओळी पुरे. दिवसाला एक स्टेटस पुरे. एकापाठोपाठ पंधरा ठेवली की बघणारी पुढे सरकवत जाते. एखाद्या दिवशी काही नसेल तर ठेवू नका, पण आठवडाभर गप्प राहू नका, काळजी वाटते.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथाचा व्हिडिओ घ्यायचा मोह होतो, तेव्हा काही सेकंदांचाच घ्या, फोन आडवा-उभा करत बसू नका, आणि घरी येऊन ठेवा. गर्दीत नेट चालत नाही आणि फोन हातातून जायची भीती असते.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजाचं स्टेटस आहे. लिहायच्या पाटीवरच माइक असतो, तो दाबून बोलायचं. निपाणीकडची माझी मावसबहीण शाळेत गेलेली नाही, आयुष्यभर विड्या वळल्या. ती रोज संध्याकाळी बोलून ठेवते. मागे तिच्या कोंबड्यांचा आवाज येतो. मला तिचं स्टेटस सगळ्यात आवडतं.

5. दुसरीचं बघा आणि उत्तर द्या

आपलं ठेवलं आणि फोन बाजूला टाकला, असं करू नका. मैत्रिणीचं स्टेटस उघडल्यावर खाली उत्तर लिहायची जागा असते. तिथं लिहिलेलं फक्त तिलाच जातं, बाकी कुणाला दिसत नाही. बदाम दाबायचीही सोय आहे, पण मी म्हणेन दोन शब्द लिहा. 'बरं झालं गे', 'मानेला तेल लाव', 'दर काय लागला?' एवढ्यानेही समोरचीला वाटतं, कुणीतरी ऐकलं.

तुमचं स्टेटस कुणी पाहिलं ते डोळ्याच्या चित्रावर कळतं. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा बंद करून ठेवल्या असतील तर मात्र तुम्हाला कुणी पाहिलं ते कळणार नाही आणि तुम्ही पाहिलेलं त्यांना कळणार नाही. मैत्रिणींची नावं तिथं दिसत नसतील तर रुसायच्या आधी हे सेटिंग तपासा.

आता ती चूक सांगते. दोन वर्षांमागे लग्नसराईत माझ्याकडे एवढं काम होतं की तीन दिवस फोन उघडलाच नाही. त्या तीन दिवसांत अनगोळच्या मैत्रिणीचे वडील गेले. तिने स्टेटसला त्यांचा फोटो ठेवला, खाली 'आबा गेले' एवढंच. तिला वाटलं, सगळ्यांना कळलं. मी फोन उघडला तोवर ते स्टेटस जाऊन दोन दिवस झाले होते. माझ्या घरापासून तिचं घर किती, चालत अर्धा तास. मी मातीला नव्हते. आबांनी आम्हाला लहानपणी सायकलवर पुढेमागे बसवून कपिलेश्वराच्या जत्रेला नेलेलं. ही खंत जायची नाही.

तेव्हापासून आमच्यात ठरलंय: जन्म, मरण, दवाखाना, लग्न हे स्टेटसवर सोडायचं नाही. फोन करायचा, लागला नाही तर दुसरीला सांगून निरोप पोचवायचा. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात लाइट गेली की दोन-दोन दिवस फोन बंद पडतात. तिकडच्या माणसाला तुमचं 24 तासांचं स्टेटस गाठणारच नाही. तुम्हीही तुमच्या जवळच्यांशी हे पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या.

6. काय ठेवू नये

घराला कुलूप लावून जाताना 'चाललो कोल्हापूरला' ठेवू नका. परत आल्यावर ठेवा, फोटो तेवढेच छान दिसतात.

दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय ठेवू नका. मी एका नवरीच्या ब्लाऊजचा फोटो लग्नाआधी ठेवला होता, तो सासरच्या कुणीतरी पाहिला. तिला लग्नाच्या दिवशी सगळ्यांना दाखवायचं होतं. मी तिची माफी मागितली. नातवंडांचे शाळेच्या गणवेशातले, बिल्ला दिसणारे फोटोही टाळा. स्टेटसचा स्क्रीनशॉट कुणी काढला तर तुम्हाला कळत नाही, तेव्हा 24 तासांनी जातं या भरवशावर राहू नका.

आणि आपल्या भागाचं म्हणून एक जास्तीचं. भाषेचा आणि सीमेचा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे, 1956 पासून घराघरांत त्याची झळ बसलीय. मत ठेवू नका असं मी कुणाला म्हणणार नाही. पण 1 नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि इकडच्या मराठी माणसांचा काळा दिन, जवळ आला की कुठले कुठले जुने व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून फिरतात. ते उचलून ठेवू नका. जून 2023 मध्ये कोल्हापुरात काहीजणांच्या स्टेटसवरून केवढा तणाव झाला आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं, ते आपण इथून पाहिलंय. घरातल्या तरुण पोरांना शेजारी बसवून हे सांगा. स्टेटसवरून गुन्हा दाखल होतो, आणि मग पोराची नोकरी, पासपोर्ट सगळं अडतं. माझी शेजारची अक्का कन्नड आहे. माझ्या आजारपणात डबा तिने दिला. स्टेटस ठेवताना मी तिलाही निवडलंय, त्यामुळे लिहिताना ती वाचणार हे माझ्या लक्षात असतं.

7. फसवणुकीपासून जपा

सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली 'दोन टप्प्यांची पडताळणी' आहे. ती आजच चालू करा आणि 6 अंकी पिन वहीत लिहून ठेवा. मैत्रिणीच्या नंबरावरून 'माझा कोड चुकून तुला आलाय, पाठव' असा मेसेज आला तर तो तिने केलेला नाही असं समजा आणि तिला फोन लावा. तो कोड दिला की तुमचं खातं दुसऱ्याच्या हातात जातं आणि तुमच्या नावाने पैसे मागितले जातात.

लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल उघडण्याआधी तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' आहे का बघा. असेल तर ती पत्रिका नव्हे, ते फोनमध्ये शिरणारं ॲप आहे. उघडू नका. 'तुमचं स्टेटस चोरून कोण बघतं ते सांगतो' म्हणणारी ॲपही घेऊ नका. पैसे गेलेच तर लाज न धरता ताबडतोब 1930 वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

8. चोवीस तासांनंतर

स्टेटस जातं ते जातं. आत्याची कार्डं आईच्या पेटीत अजून आहेत, आमचं काहीच राहत नव्हतं. म्हणून मी शिवणकामाची एक जुनी मापाची वही घेतली आहे. रात्री मशीनवर झाकण घातलं की त्या दिवशीची जी ओळ मनात राहिली ती तारीख घालून तिच्यात उतरवते, माझी किंवा मैत्रिणीची. स्वतःचा फोटो ठेवायचा असेल तर स्टेटस उघडून तीन टिंबांतून सेव्ह करता येतो, पण तो 24 तासांच्या आतच करायचा.

तुमची वही नसेल तर कॅलेंडरचा चौकोनही चालतो. काल माझ्या वहीत चाकणच्या मैत्रिणीची ओळ गेली: 'गॅलरीतल्या कुंडीत आज पहिली मिरची. बी बेळगावचं.' ते बी मी दिवाळीला तिच्या पिशवीत घातलेलं.